चाळीस सेकंदांच्या पुढे

वर्षातून एकदा, निसर्ग दिनाच्या सकाळी, टेलरमास्तर आपला एकुलता एक कोट घालून संग्रहालयाच्या सभागृहात जायचे आणि शेवटच्या रांगेत खांबाच्या आड बसायचे. लोकांचे कोट शिवण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या कोटाचं अस्तर तीन वर्षं उसवलेलं होतं. उद्या घालू टाका, म्हणत राहून गेलं होतं. पुढच्या रांगांत जागा असायची, पण पुढे बसलं की कुणीतरी ओळखतं, आणि ओळखलं की ‘तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ ना?’ सुरू होतं. मास्तरांना ते नको असायचं.

कार्यक्रम दर वर्षी तोच. शाळेतली मुलं हाती रंगवलेले फलक घेऊन ओळीने जात. संचालक मागच्या वर्षीचंच भाषण करत, फक्त नाहीशा झालेल्या जीवांचा आकडा तेवढा वाढवत. कुणाला तरी प्रमाणपत्र, सगळ्यांना एकेक कापडी पिशवी. या पिशव्यांची शिवण इतकी कच्ची असायची की मास्तरांना घरी गेल्यावर ती पुन्हा मारल्याशिवाय चैन पडायचं नाही. अशा अकरा पिशव्या त्यांच्या खिळ्याला लटकत होत्या. अकरा पिशव्या भरून आणायला एकट्या माणसाला लागतं काय म्हणा.

आणि मग सगळ्यात शेवटी सभागृहातले दिवे मंद व्हायचे, लोक उभे राहायचे आणि लाजऱ्याचा शेवटचा आवाज लावला जायचा.

लाजरा म्हणजे मुठीएवढा तपकिरी पक्षी. तळ्याकाठच्या लव्हाळ्यात राहायचा, ऐकू यायचा पण दिसायचा नाही, म्हणून लाजरा. चौतीस वर्षांत तो कुणालाच ऐकू आलेला नव्हता. राहिली होती ती चाळीस सेकंदांची टेप. दोन आखूड शिट्या, मग एक लांब, वर चढत जाणारी. असं पाच वेळा. लोक मान खाली घालून ऐकत. बायका डोळ्यांना रुमाल लावत. एका वर्षी तर पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ हमसून हमसून रडले होते.

मास्तर मात्र समोरच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून उभे असत, कारण तो आवाज मुळात पक्ष्याचा नव्हताच. तो त्यांच्या दादाचा होता.

दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. पंप तळ्याकाठी, त्यामुळे कामावर गेला की दिवसभर कान लव्हाळ्यात. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, त्यातून शीळ अशी घुमायची की खरे पक्षी फसावेत. फक्त लांब शिटीच्या शेवटी ‘फस्’ असा थोडासा वारा निसटायचा. संध्याकाळी कामावरून आला की जिना चढताना तो हीच लाजऱ्याची शीळ घालायचा, म्हणजे हातात सामान असलं तरी मास्तरांनी दार उघडावं. दोघे भाऊ दोन खोल्यांत राहायचे. लग्न दोघांचंही जमलं नाही. एकाचं पक्ष्यांपायी, दुसऱ्याचं नाकावर माशी बसू न देण्याच्या स्वभावापायी. तर सभागृहात ती शीळ वाजली की मास्तरांचे पाय आपोआप दाराकडे जाऊ पाहत. उठून कडी काढावी असं वाटे. म्हणून तो खुर्चीचा दांडा.

दादाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. वर्षातले चाळीस सेकंद तो यायचा.

त्या टेपची हकिगत अशी. संग्रहालयाने दादाला एक थोराड टेपरेकॉर्डर दिला होता आणि रीळ संपवताना वार, वेळ, जागा, काय ऐकलं, सोबत कोण होतं हे बोलून ठेवायला शिकवलं होतं. पंपावरच्या माणसाला कुणी काही शिकवतंय याचंच त्याला अप्रूप. एका रविवारी त्याचा खांदा दुखत होता म्हणून मशीन उचलायला त्याने धाकट्याला सोबत नेलं. पहाटेपासून दोघे लव्हाळ्यात बसले. दादा शीळ घालून लाजऱ्याला बोलवत राहिला. लाजरा काही आला नाही, निदान मास्तरांच्या माहितीप्रमाणे तरी. रीळ संग्रहालयात गेलं, तिथल्या साहेबांनी त्यातला चाळीस सेकंदांचा स्वच्छ तुकडा कापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की लाजरा टेपवर मिळाला!

‘‘अरे, त्यांनी माझीच शीळ कापून घेतली,’’ दादा त्या संध्याकाळी म्हणाला होता.

‘‘मग जाऊन सांग की.’’

‘‘सांगितलं तर अख्खं रीळ ऐकतील.’’

‘‘ऐकू देत. तुझ्या बापाचं काय जातं?’’

दादा धाकट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘नको. असू दे.’’

मास्तरांनी त्याचा अर्थ सरळ लावला. दादाला मान हवाहवासा वाटतोय. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हार घातलाय, आता तो काढवत नाही. ठीक आहे, आपला भाऊ आहे, आपण मूग गिळून बसू. चौतीस वर्षं ते बसले. पण मनात कुठेतरी दादाची पायरी एकाने खाली आली, ती आलीच. पुढे दादा दर रविवारी तळ्यावर जाऊ लागला. बूट घालून दारात उभा राहून विचारायचा, ‘‘येतोस?’’ मास्तर शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, ‘‘काम आहे.’’ मनात म्हणायचे, खोटं खरं करायला निघालाय. काही वर्षांनी त्याने विचारणं सोडलं. नुसता बूट घालून दारात जरा थांबायचा आणि जायचा.

यंदा निसर्ग दिनाच्या आदल्या दुपारी मास्तरांच्या दाराची कडी वाजली. त्यांच्याकडे येणार कोण? एक तर गिऱ्हाईक, नाहीतर मीटर बघणारा. दारात पंचविशीतली एक मुलगी उभी होती, जिना चढून धापा टाकत, खांद्याला भलीमोठी पिशवी.

‘‘काका, मी संग्रहालयातून आलेय. तिथल्या आवाजांचं काम बघते. तुमच्या मोठ्या भावांच्या टेपबद्दल बोलायचं होतं.’’

मास्तर दारातून बाजूला सरले. त्यांनी तिला स्टूल दिलं आणि स्वतः खाटेवर बसले. समोरची दादाची खाट गिऱ्हाइकांच्या कपड्यांनी भरलेली होती. ती रिकामी बघवत नाही म्हणून ते कपडे तिथेच ठेवायचे, आणि काम कमी झाल्यापासून तेच ते जुने, कुणी न्यायला न आलेले कपडे घड्या बदलून ठेवायचे.

‘‘जुनी रिळं मी कॉम्प्युटरवर घेतेय,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आपण दर वर्षी लावतो तो चाळीस सेकंदांचा तुकडा. बाकीचं रीळ तसंच डब्यात पडून होतं. पाऊण तासाचं. कुणी ऐकलंच नव्हतं कधी.’’ मग ती थोडी चाचरली. ‘‘काका, ती शीळ माणसाची आहे.’’

या वाक्यासाठी मास्तरांनी चौतीस वर्षं उत्तरं तयार ठेवली होती. एक रागावण्याचं, एक काही माहीत नसल्याचं, आणि अलीकडे ऐकू कमी येत असल्याचं. ऐन वेळी एकही आठवलं नाही.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘दादाची आहे.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘मी शेजारीच तर होतो. आता काय, फोटो काढणार त्याचा भिंतीवरून?’’

संग्रहालयाच्या दारातच दादाचा फोटो होता, मास्तरांनीच शिवलेल्या कोटात. खाली पाटी, ‘लाजऱ्याचा शेवटचा आवाज टिपणारे’. मास्तरांना उद्याची ती रिकामी भिंत आत्ताच दिसू लागली. खिळा तेवढा राहिलेला.

‘‘त्यासाठी नाही आले मी,’’ मुलगी घाईने म्हणाली. ‘‘पुढचं ऐका. चाळीस सेकंदांच्या पुढचं.’’

तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. आधी लव्हाळ्याची सळसळ. मग शीळ, शेवटी ‘फस्’. मास्तरांनी डोळे मिटले. मग कुणीतरी खाकरलं आणि एक चिडका, नाकातला आवाज मध्येच बोलू लागला.

‘‘चल रे दादा. कोणी नाही इथं.’’

कोण हा उद्धट माणूस, असं मास्तरांच्या मनात आलं. आणि मग ओळख पटली.

‘‘थांब जरा,’’ दादाचा आवाज.

‘‘काय थांब? दोन तास झाले. गिऱ्हाईक येऊन बसलं असेल माझं.’’

‘‘अरे, दोन मिनिटं. ऐक.’’

‘‘काय ऐकू? कोणी नाही म्हणतो ना! तू बस तुझी पाखरं घेऊन. मी चाललो.’’

मुलीने टेप थांबवली. ‘‘आता हेच परत ऐका. यात तुमचा आवाज मी खाली ओढलाय.’’

पुन्हा सळसळ. चिडका आवाज आता शेजारच्या घरातून यावा तसा पुसट झाला होता. आणि त्याच्या मागून, तळ्याच्या पलीकडून कुठूनतरी, दोन आखूड शिट्या आल्या. मग एक लांब, वर चढत गेलेली. शेवटी फस् नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, आधीपेक्षा जवळून.

मास्तरांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

कापड कापणाऱ्या माणसाला हे कधीच कळायला हवं होतं, की कापून घेतलेल्या तुकड्यापेक्षा कधीकधी चिंधीत जास्त ऐवज राहतो. साहेबांनी बोलणं नसलेला स्वच्छ तुकडा घेतला. त्यात दादा होता. पक्षी उरलेल्यात होता, मास्तरांच्या कटकटीखाली दबलेला. दादाला तो तिथेच ऐकू आला होता, म्हणून तर ‘ऐक’ म्हणाला. आणि अख्खं रीळ ऐकतील म्हणून तो घाबरला, तो स्वतःसाठी नाही. शेवटचा लाजरा बोलत असताना ‘कोणी नाही’ म्हणून ओरडणारा तो हा टेलर, असं गावाने धाकट्याला बोट दाखवून म्हणू नये म्हणून. चौतीस वर्षं मास्तर समजत होते की आपण दादाची लाज झाकतोय. झाकत दादा होता.

‘‘काका, पाणी देऊ का?’’

‘‘नको.’’

‘‘उद्या मला हे सगळं लावायचंय. खरा लाजरा आहे यात. पण आवाज तुमचा आहे, म्हणून विचारायला आले. संचालकांना अजून बोलले नाही.’’

‘‘जुनंच लावा,’’ मास्तर म्हणाले.

‘‘अजून शेवट राहिलाय ऐकायचा.’’

‘‘मला नको शेवटबिवट. जुनं लावा म्हटलं ना.’’ पुन्हा तोच आवाज. चौतीस वर्षांनी दात गेले, केस गेले, पण तो अगदी शाबूत होता. मास्तरांचे स्वतःचेच कान तापले.

मुलीने सामान आवरलं. ‘‘बरं. तुम्ही नाही म्हणालात तर नाही लावणार,’’ म्हणाली आणि जिना उतरून गेली. मास्तर बराच वेळ तिची पावलं ऐकत राहिले. मग त्यांनी दादाच्या खाटेवरचे कपडे एकेक करून खाली ठेवले. खाट पूर्ण रिकामी झाली आणि त्यांना एकदम लख्ख कळलं, की आपण या घरात अकरा वर्षं एकटे आहोत, पण दादा त्याच्या आधी तेवीस वर्षं एकटाच होता. पलीकडच्या मशीनवर मी होतो, तरीही.

सकाळी उठल्यावर त्यांनी सगळ्यात आधी कोटाच्या अस्तराला टाका घातला. सभागृहात पोचले तेव्हा खुर्च्याही लागल्या नव्हत्या. मुलगी व्यासपीठावर गुडघे टेकून तारा जोडत होती.

‘‘अख्खं लावा,’’ मास्तर खालूनच म्हणाले.

ती उठून उभी राहिली. ‘‘तुमचा आवाज कमी करून?’’

‘‘आधी आहे तसा. लोकांना कळू दे काय झालं ते. मग कमी करा.’’

‘‘नक्की ना, काका?’’

‘‘आता पुन्हा विचारलंत तर नाही म्हणेन.’’

ते नेहमीच्या खांबाकडे निघाले, आणि मग कुणास ठाऊक काय वाटलं, पहिल्या रांगेत जाऊन बसले.

फलक झाले, पिशव्या झाल्या, भाषण झालं. आकडा यंदाही वाढला होता. मग मुलीने माइक हातात घेतला आणि साध्या शब्दांत सांगितलं, की इतकी वर्षं आपण उभं राहून जे ऐकलं ती लाजऱ्याला बोलावणाऱ्या माणसाची शीळ होती. सभागृहात चुळबुळ झाली. संचालकांचा चेहरा खिसा कापला गेल्यासारखा झाला. ‘‘पण त्या माणसाला उत्तर मिळालं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘ते आपण कापून टाकलं.’’

दिवे मंद झाले. शीळ आली. मास्तरांचे पाय दाराकडे ओढ घेऊ लागले आणि पहिल्या रांगेत समोर धरायला दांडाही नव्हता. मग तो नाकातला आवाज, एवढ्या मोठ्या भोंग्यांतून. ‘‘चल रे दादा. कोणी नाही इथं.’’ शाळेतली मुलं फिस्सकन हसली. कुणीतरी मागे म्हणालं, ‘‘कोण हा शहाणा?’’ मास्तरांनी मान खाली घातली नाही. ते ऐकत राहिले, ऐकून घ्यायचंच होतं. मग मुलीने तो आवाज खाली ओढला आणि तळ्यापलीकडून लाजरा बोलला. एकदा. मग पुन्हा, जवळून. सभागृहात खुर्चीचा पायसुद्धा वाजला नाही.

मास्तरांना वाटलं, संपलं. पण टेप चालूच होती. लव्हाळ्यातून लांब जाणारी पावलं ऐकू आली. ती त्यांचीच. दुखऱ्या खांद्याच्या भावावर ते थोराड मशीन टाकून, कुणाच्या तरी पँटीसाठी रस्त्याला लागलेली. मग अगदी जवळ, माइकला ओठ लावून बोलावं तसा दादा बोलला. शिकवलं होतं तसं, एकेक गोष्ट वेगळी करून.

‘‘रविवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पंपामागचं लव्हाळं. लाजऱ्यानं दोनदा उत्तर दिलं. सोबत धाकटा होता.’’ थोडं थांबून तो पुढे म्हणाला, आणि हे काही त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, ‘‘पुढच्या रविवारी पुन्हा येऊ. दोघं.’’

खटका वाजला आणि टेप थांबली.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. शेवटी संचालकांनी वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. लाजरा खरोखरच टिपला गेला होता, त्यामुळे फोटोही राहणार होता आणि पाटीही. मास्तर चहाला थांबले नाहीत. मुलगी दारापर्यंत धावत आली, ‘‘काका, बरे आहात ना?’’ ते हो म्हणाले. पिशवी घ्यायची राहिली, ती तिने त्यांच्या हातात दिली. शिवण कच्चीच होती.

पुढच्या रविवारी मास्तर पहाटे उठले. दादाचे बूट त्यांना एक माप मोठे होते, ते कापड कोंबून घातले आणि दारात जरा थांबले. मग पंपावर गेले. पंप आता आपोआप चालतो, तिथे माणूस नसतो. मागचं लव्हाळं निम्मं उरलंय. ओल्या मातीवर कापडी पिशवी अंथरून ते बसले. शीळ घालून पाहिली, पण कवळीतून नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही हवाच आली. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. पाण्यावर वारा होता, बाकी काही नव्हतं, आणि ‘कोणी नाही’ असं ते काही केल्या म्हणणार नव्हते.

त्यांनी घड्याळ पाहिलं. समोर मशीन नव्हतं, तरी ते मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलले.

‘‘रविवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पंपामागचं लव्हाळं. लाजरा अजून आला नाही.’’ मग ते पाण्याकडे वाकून म्हणाले, ‘‘धाकटा आलाय, दादा.’’

मग ते तसेच बसून राहिले. घरी कुणाचंही काम अडलेलं नव्हतं.